सगळे ठिपके हिरवे होते

मी नऊ वर्षांची होईपर्यंत आमच्या घराला दार नव्हतं. घर म्हणजे एक पाल, दोन घोडी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि आबांचा मेंढरांचा कळप. दिवाळी झाली की निघायचं आणि मिरगाच्या तोंडावर परतायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्यानं लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायची. दोन-चार मुक्काम झाले की पाल मोडायचं आणि पुढचं शिवार गाठायचं. माझं नाव बेंबळीच्या शाळेत आणि मी मात्र दर आठवड्याला दुसऱ्याच गावाच्या बांधावर. पहिलीची परीक्षा दिली, दुसरीची चुकली, तिसरीत मास्तरांनी हजेरीत माझ्या नावावर रेघ मारून टाकली.

मग एका फाल्गुनात गारा पडल्या. आम्ही उघड्या माळावर होतो. मायनं मला घोंगडीखाली घेतलं आणि घोडीच्या पोटाला टेकून बसली. गारा थांबल्यावर घोंगडी बाजूला केली तर अर्धा कळप आडवा पडलेला. आबा रडले नाहीत. एकेका मेंढराजवळ जाऊन तोंड बघत होते. मोजत नव्हते, कारण कळप मोजला की नजर लागते असं आमच्यात मानतात. एरवीही संध्याकाळी ते कळपावरून नुसती नजर फिरवायचे आणि सांगायचे, "तुटक्या कानाची आली न्हाय." त्या दिवशी सगळ्यांची तोंडं बघून झाल्यावर ते मायला म्हणाले, "हिला बेंबळीला मावशीकडं ठिवू. हिला तरी एका जागेवर बसू दे."

मी बसले. बेंबळीला दहावी केली, धाराशिवला कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. हे मी मिरवून सांगते आणि सांगणारच, कारण त्या कागदासाठी माय आणि आबा उन्हात चालले आहेत.

गेली बारा वर्षं मी सपोर्टमध्ये आहे. सपोर्ट म्हणजे काय, हे मायला समजावताना मी म्हटलं होतं, "लोकांची यंत्रं रुसली की मी समजूत काढते." माय म्हणाली, "म्हंजी जावयासारखी?" तेव्हापासून आमच्या घरात बिघडलेल्या कॉम्प्युटरला जावई म्हणतात.

आधी प्रिंटर आणि बिलाची सॉफ्टवेअरं होती. अलीकडे एक नवं ॲप आलं. पुण्याच्या ज्या कंपनीत मी काम करते, ती हे परदेशी ॲप आपल्याकडे बसवून देते आणि सांभाळते. धाराशिवला बसस्टँडजवळ कापडदुकानाच्या माडीवर आमचं टेबल आहे. टेबल म्हणजे आमची शाखा. मी आणि दोन मुली, तीन हेडफोन, एक माठ.

हे ॲप कॉम्प्युटरवर बसतं आणि त्यात 'एजंट' असतात. लोकांना आधी विमावाला एजंटच आठवतो, म्हणून मी सांगते: न दिसणारे गडी समजा. एक गडी आलेले निरोप वाचतो, दुसरा यादी करतो, तिसरा उत्तर पाठवतो. गडी हुशार आहेत, पण सांगितलं तेवढंच करतात, आणि कधी कधी सांगितलं नाही तेही करतात. म्हणून त्यांच्यावर मुकादम लागतो. ते मुकादमाचं काम हे ॲप करतं. पडद्यावर प्रत्येक गड्याच्या नावापुढं ठिपका असतो. हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे अडलंय, लाल म्हणजे मेलंय, करडा म्हणजे विसावा. गिऱ्हाइकाला एवढंच कळलं तरी चालतं.

बिघाड शोधायची आमची रीतही साधी आहे. यंत्र आपण काय केलं ते ओळीओळीनं लिहून ठेवत असतं. त्याला लॉग म्हणतात. आम्ही लॉग वाचतो. नाही समजलं तर तो ॲप बनवणाऱ्यांना परदेशात पाठवतो आणि तक्रारीचा नंबर घेऊन वाट बघतो. पहिलं उत्तर नेहमी एकच येतं: ॲप काढून पुन्हा टाका. दुसरं उत्तर येतं: नवी आवृत्ती घ्या. तिसऱ्या उत्तराला पहिल्यांदा माणूस भेटतो. तिसऱ्या उत्तरापर्यंत चिकाटी धरणं म्हणजे आमचा धंदा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. ढोकीचे एक ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे अण्णा. त्यांनी उत्तर देणाऱ्या एजंटाला कामाच्या चार ओळी लिहून दिल्या आणि शेवटी आपल्या जुन्या नोकराला सांगावं तसं लिहिलं, 'बाकीचं तू बघून घे.' त्यानं बघितलं. अण्णांच्या मेहुण्यानं पोरीच्या साखरपुड्याचं निमंत्रण धाडलं, तर त्याला उत्तर गेलं: 'आपली मागणी मिळाली. सध्या माल शिल्लक नाही. पुढील आठवड्यात चौकशी करावी.' अण्णांचा फोन आला तेव्हा मागून बायकोचा आवाज येत होता.

"मॅडम, ह्याला आवरा. माझं सासर बंद झालं."

"अण्णा, 'बाकीचं तू बघून घे' कुणी लिहिलं?"

"म्याच. पर आमच्या दुकानातल्या गड्याला वीस वर्षं तेच सांगतोय, त्यानं कधी असलं केलं न्हाय!"

ती ओळ काढली, संध्याकाळपर्यंत जावई गोडीत आला. पण अण्णांचा मेहुणा बोलायला लागेपर्यंत दोन महिने गेले म्हणे.

असल्या गोष्टींवर आम्ही हसायचो. कळंबच्या गोदामानं मात्र आमचं हसू थांबवलं.

कळंबला शेतकऱ्यांची एक कंपनी आहे. मूग, उडीद, सोयाबीन, तूर विकत घेते. हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, म्हणून त्यांनी आमच्याकडून ॲप घेतलं. शेतकऱ्यानं मोबाईलवर निरोप टाकायचा, 'इतकी पोती आणतो.' एक एजंट ते वाचणार, दुसरा वजनकाट्याची पाळी लावणार, तिसरा ज्याला त्याला वेळ कळवणार. मॅनेजर रणदिवे साहेब, पन्नाशीचे, आवाज मोठा पण मन साफ. ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, "मॅडम, माणसाला उन्हात ताटकळत ठेवायचं पाप नको. एवढं जमवा."

जमलं. तीन आठवडे. मग एका सकाळी रणदिवे साहेबांचा फोन. गेटवर दीड-दोन डझन ट्रॅक्टर, कुणालाच पाळी मिळालेली नाही, काट्यावर हमरीतुमरी. आदल्या दिवशी सकाळपासून एकही निरोप गेला नव्हता.

"पण साहेब, ठिपके कसले आहेत?"

"हिरवे! सगळे हिरवेगार! काम शून्य!"

मी एस.टी.नं कळंब गाठलं. मागच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू, ॲप उघडं, तिन्ही ठिपके हिरवे. लॉग वाचला तर आदल्या पहाटे सव्वासहाच्या सुमाराला ओळ अर्ध्यात तुटलेली. बोलता बोलता माणसाच्या तोंडावर हात ठेवावा, तशी. मी म्हटलं, लाईट गेली असणार. एजंट बंद करून चालू केले, पाळ्या सुटल्या. गोदामाचे राखणदार नामदेवकाका, साठीच्या पुढचे, डोक्याला पांढरं मुंडासं, त्यांनी चहा आणून दिला. मी घेतला, थँक्यू म्हटलं आणि निघाले.

महिन्यानं पुन्हा तेच. आम्ही बॅटरीचा डबा बसवला, म्हणजे लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा. महिन्यानं पुन्हा तेच. आम्ही डिस्क बदलली. दर वेळी पहाट, दर वेळी अर्धी ओळ, दर वेळी हिरवे ठिपके. रणदिवे साहेबांना दर वेळी विचारलं, कुणी यंत्राला हात लावला का, सेटिंग बदललं का? त्यांनी ऑफिसात सगळ्यांना विचारलं. कुणी बदललं नव्हतं.

तक्रार परदेशात गेली. पहिलं उत्तर आलं, दुसरं आलं आणि तिसऱ्याला टॉमस नावाचा माणूस भेटला. मला त्याचा आजही आदर आहे. त्यानं चारशे पानांचा लॉग वाचला. त्याच्या ध्यानात आलं की दोन बिघाडांमध्ये कधी एकोणतीस दिवसांचं अंतर आहे, कधी तीस. त्यानं लिहिलं, 'तुमचा ॲपचा परवाना दर तीस दिवसांनी नवा होतो. त्यातच गडबड आहे, माझी खात्री आहे.' त्यानं आमच्यासाठी खास आवृत्ती बनवली. आम्ही परवाना अठ्ठाविसाव्या दिवशीच नवा करून ठेवला आणि देवाचं नाव घेऊन बसलो.

एकोणतिसाव्या की तिसाव्या दिवशी चौथ्यांदा बंद पडलं. या खेपेला ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत आले आणि एस.टी. अडकली. रणदिवे साहेब फोनवर ओरडले नाहीत. हळू बोलले, तेव्हाच मला धस्स झालं.

"मॅडम, आता तुरीचा हंगाम तोंडावर आहे. अजून एकदा झालं तर मी हे सगळं काढून टाकणार. वही आणि पेन बरं."

संध्याकाळी पुण्याहून सावंत सरांचा फोन आला. आमचे साहेब. त्यांनीही सरळच सांगितलं. धाराशिवचं टेबल कळंबच्या कामावर उभं आहे. ते गेलं तर टेबल बंद. "तुला मी पुण्याला घेतो पार्वती, तुझी काळजी करू नकोस. बाकी दोघींचं मला काही सांगता येणार नाही."

तुझी काळजी करू नकोस! सरांना काय माहीत. आबांचे गुडघे गेल्यावर राहिलेली मेंढरं चुलतभावाला देऊन मी दोघांना धाराशिवला आणलं होतं. भाड्याच्या दोन खोल्या, पण दार आहे. आबा पहिले सहा महिने ते दार लावायचेच नाहीत. त्यांना वाटायचं आत कोंडलो. आता मात्र रोज सकाळी उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालतात. मायनं डब्यात कढीपत्ता लावलाय, तो खिडकीपर्यंत आलाय. सत्तर वर्षं चाललेल्या माणसाला मी काय सांगू, आबा, पुन्हा बिऱ्हाड उचला?

मी घरी काहीच बोलले नाही. पण घरच्यांना काय कळत नाही? मला जेवण जाईना.

पुढचे दिवस मी बिघाडाच्या तारखा कागदावर लिहून त्याच्याकडं बघत बसायचे. लॉगमध्ये तारखा इंग्रजी आकड्यांत असतात. बेरीज करून पाहिली, वार पाहिले, लाईट जाण्याचं वेळापत्रक पाहिलं. काही लागत नव्हतं. पाचवा बिघाड जवळ येत चालला होता.

त्या रविवारी सकाळी आबा उंबऱ्यावरून म्हणाले, "पारू, मंगळवारी येळवस हाय. मावशीच्या रानात पूजेला आन् जेवाया जायचं. सुट्टी काढ."

"मंगळवारी नाही जमायचं आबा. कळंबचं यंत्र सोमवार-मंगळवारीच बंद पडायची भीती आहे."

आबा हसले. "का? त्येला बी येळवस करायची हाय का? गडी आवसंचीच सुट्टी घेतोय म्हन की!"

ते थट्टेत बोलले. मी मात्र भाकरी तशीच टाकून उठले. खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, तारखांचा कागद शेजारी धरला. पहिला बिघाड: पोळ्याची अमावस्या. दुसरा: सर्वपित्री. तिसरा: लक्ष्मीपूजन. आम्हाला तो भाऊबीज झाल्यावर गेट उघडलं तेव्हा कळला होता. चौथा: कार्तिकातली अमावस्या. चारही तारखांवर काळा गोल, आणि येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. मी आणि टॉमस, दोन देशांतले दोन पदवीधर, चार महिने ज्या गणिताच्या मागं होतो, ते आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होतं.

"आबा, पण यंत्राला आवस कशी कळंल?"

"यंत्राला न्हाय कळत. माणसाला कळती." आबांनी तंबाखू झटकली. "कोन कोन असतंय तिथं?"

"मॅनेजर, दोन क्लार्क. त्यांना दर वेळी विचारलंय."

"आन् झाडलोट कोन करतंय? कुलूप कोन उघडतंय?"

चार खेपांना ज्यांच्या हातचा चहा प्याले, त्या माणसाला मी एक शब्द विचारला नव्हता. सपोर्टच्या फॉर्ममध्ये 'यंत्राशी संबंधित व्यक्ती' असा रकाना असतो. त्यात नामदेवकाकांचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. मीही नाही. आणि मी कुणाची लेक? ज्याला मास्तर, तलाठी, दुकानदार कुणीच काही विचारत नसत, अशा माणसाची. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

फोन करून विचारता आलं असतं. पण 'सेटिंग बदललं का' असं विचारलं तर ते खरंच 'न्हाय' म्हणाले असते. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मंगळवारी पहाटेच्या एस.टी.ला मी उभी राहिले तर मागून आबा. डोक्याला फेटा, हातात काठी, खांद्याला डबा.

"तुमी कुठं?"

"येळवस एकट्यानं करायची नसती. मायनं भज्जी, उंडं आन् आंबील दिलंय. तुझ्या जावयाला बी बघतो एकदा."

येळवसेला आमच्याकडं गावंच्या गावं पूजा करून जेवायला रानात असतात. रस्ता मोकळा, बस मोकळी. सहाच्या आत आम्ही कळंबला. गोदामाच्या गेटवर नामदेवकाका नुकतेच आंघोळ करून उभे, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. मला बघून चकित झाले.

"मॅडम? आज? आज तर सुट्टी हाय की."

मी काही बोलायच्या आत आबा पुढं झाले. "रामराम पावनं. पूजा कशाची?"

"रामराम. आवस न्हवं का. काट्याची, चाळणीची, आन् आतल्या त्या मशिनीची."

"चला, मी बी हात जोडतो."

काका पुढं, आबा मागं, त्यांच्या मागं मी. काट्याला कुंकू लागलं. चाळणीला लागलं. मग मागची खोली. कॉम्प्युटर चालू, तिन्ही ठिपके हिरवे, गडी तुरीच्या पाळ्या लावत होते. नामदेवकाकांनी चपला बाहेर काढल्या, ताट खाली ठेवलं, वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरीचा डबा टुंऽऽ करून ओरडायला लागला. काकांनी त्याचंही बटण दाबलं. पडदा काळा झाला. काकांनी पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

इतक्या दिवसांचा बिघाड माझ्या डोळ्यांसमोर घडला आणि मला रडू येतंय का हसू, तेच कळेना.

"काका," मी शक्य तितक्या हळू विचारलं, "हे बंद का केलंत?"

"इसाव्याला." त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. "आवसंला बैल जुपत न्हाईत. ह्यो तर बिचारा रातंदिस राबतोय, तोंडातनं आवाज न्हाय. बैलाला इसावा आन् ह्याला न्हाय, हे कुठलं आलं? पूजा झाली, निवद दावला, ऊन वर आलं की चालू करतोय. आपोआप उठतंय."

"पण साहेबांनी सगळ्यांना विचारलं होतं, यंत्राला कुणी हात लावला का म्हणून!"

"मला कोन इचारलं?" काका साधेपणानं म्हणाले. "आन् हात कुठं लावला? म्या पाया पडलो."

बाहेर कसली तरी गाडी थांबली. रानात जायच्या आधी फेरी मारायला रणदिवे साहेब आले होते. त्यांनी काळा पडदा बघितला, कुंकू बघितलं, काकांच्या हातातलं ताट बघितलं. चार महिन्यांची बोलणी त्यांनी खाल्ली होती. सगळी एका दमात बाहेर पडली.

"नामदेव! म्हणजे तू? अरे चार महिने मी लोकांच्या शिव्या खातोय! उद्यापासून येऊ नकोस. चावी ठेव इथं!"

नामदेवकाकांचा चेहरा पडला. त्यांनी कनवटीला हात घातला, चावी काढली आणि ताटातच ठेवली.

मी कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"साहेब, चावी उचलायची असेल तर आधी माझी तक्रार करा. मी चार वेळा इथं येऊन गेले. काकांना एकदाही विचारलं नाही. चूक माझी आहे. आणि अजून एक चूक ॲपची आहे. गडी बंद असताना ठिपका हिरवा राहिलाच कसा? तो लाल झाला असता तर तुम्हाला त्याच सकाळी कळलं असतं."

रणदिवे साहेब घुश्शातच होते. तेव्हा आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "साहेब, रागावू नका, एक इचारतो. आज आवसंला नवा ट्रॅक्टर घरी आनताल का तुमी?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हाय आननार. म्हंजी तुमी बी पाळताय. ह्यानं तुमच्यापायीच पाळली." मग ते काकांकडं वळले. "पर पावनं, तुमचं बी एक चुकलं. बैलाला इसावा देताना जू काढताव का तसंच खाली बसवताव?"

"जू काढल्याबिगर कसं बसवनार?"

"मंग ह्येचं जू कामून काढलं न्हाय?"

नामदेवकाकांनी आधी आबांकडं, मग माझ्याकडं बघितलं. "ह्येला जू असतंय व्हय?"

असतं! बारा वर्षांत मला ही गोष्ट इतकी नीट कुणाला सांगता आली नव्हती. मी कॉम्प्युटर चालू केला. तो उठला, ॲप उघडलं आणि तिन्ही ठिपके खोटे खोटे हिरवे झाले. मी दाखवलं: मधेच वीज तोडली की गड्यांच्या हातातलं काम अर्धवट राहतं. उठल्यावर ते त्या अर्धवट कामापाशी अडून बसतात, आणि मुकादमाला मात्र वाटतं सगळे राबताहेत. मग मी मागच्यासारखेच एजंट बंद करून चालू केले आणि काकांना दोन बटणं दाखवली. 'सगळे थांबवा' दाबायचं. ठिपके करडे होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात ते हातातलं काम पुरं करतात. हे जू काढणं झालं. मग भिंतीचं बटण. ऊन वर आल्यावर उलट क्रमानं, आणि शेवटी 'सगळे सुरू करा'.

"आता तुम्ही करा."

काकांनी उजव्या हाताचं कुंकू धोतराला पुसलं. माऊसवर हात ठेवला. बटण दाबलं. पहिला ठिपका करडा झाला, दुसरा झाला, तिसरा बराच वेळ हिरवा.

"त्यो अजून न्हाय आला," काका म्हणाले.

मी आबांकडं बघितलं. कळपावरून नजर फिरवून आबा जे म्हणायचे, तेच.

तिसराही करडा झाला. काकांनी यंत्र बंद केलं, पुन्हा कुंकू लावलं, नारळ फोडला. रणदिवे साहेबांनी ताटातली चावी उचलली, क्षणभर हातात धरली आणि काकांच्या हातावर ठेवली. "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाले. मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत मला विचारलं, "ह्या सकाळच्या विसाव्यात पाळी लागणार नाही, हे शेतकऱ्यांना आधी कळवता येईल का?" मी म्हटलं, "गड्यांनाच सांगते कळवायला."

ऊन वर आल्यावर काकांनी एकट्यानं यंत्र सुरू केलं. पडद्यावरचा पहिला निरोप गेलेला बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला. गोदामाच्या मागं बाभळीखाली आम्ही चौघांनी येळवस केली. भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. रणदिवे साहेबांना घरून चार फोन आले, तरी ते उठले नाहीत. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले.

टॉमसला कळवायचं कसं, हा प्रश्न उरला होता. अमावस्या इंग्रजीत सांगता येते, पण बैलाला त्या दिवशी का जुंपत नाहीत हे सांगायला मला दोन पानं लागली. वाटलं, हसेल. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यानं लिहिलं होतं, त्याचे आजोबा रविवारी घोडा गाडीला जुंपत नसत. आणि पुढं: 'खोटा ठिपका ही आमची चूक. ती दुरुस्त करतो.' पुढच्या आवृत्तीपासून वीज तुटून यंत्र उठलं की ठिपके पिवळे होतात आणि शेजारी लिहून येतं, 'काम अर्धवट आहे, तपासा.' जगात जिथं जिथं ते ॲप आहे, तिथं आता तसं येतं. त्यामागं कळंबचे एक मुंडासंवाले काका आहेत, हे तिथं कुणाला ठाऊक नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

आमच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतला आहे: 'खोली कोण उघडतं, कोण झाडतं?' नव्या मुलींना मी सांगते, लॉग वाचायच्या आधी त्या माणसाशी बोला, आणि चहा आणून दिला तर बसून प्या.

येळवसेनंतर आलेल्या सगळ्या अमावस्यांना नामदेवकाकांनी यंत्राला विसावा दिला. कळंबचं काम एकदाही अडलं नाही. धाराशिवचं टेबल चालू आहे, तिघींच्या नोकऱ्या शाबूत आहेत, माठही तोच आहे. आणि गेल्या महिन्यात आम्ही त्याच गल्लीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं. दाराला कडी आबांनी आपल्या हातानं बसवली.